बर्फातले आठ दिवस आणि आजींचे इन्सुलिन

वाचकहो, दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागतो. पूर्वी तो महाबळेश्वरचा किंवा फार तर मनालीचा असे. आता मुलगा लंडनला, मुलगी म्युनिकला, जावई झुरिकला अशी घरे वाढली आहेत आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर दूर गेला आहे. “डॉक्टर, नाताळनंतर मुलांबरोबर आल्प्समध्ये बर्फात जायचे आहे. आठ दिवस. काही काळजी घ्यायची का?”

गेल्या हिवाळ्यात हाच प्रश्न पुण्यातील माझ्या एका जुन्या रुग्ण आजींनी विचारला. वय सदुसष्ट, पंधरा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. लंडनचा मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू यांच्यासह त्या फ्रान्समधील ‘ले जे’ या गावी एका शॅलेत राहणार होत्या. मी रक्तदाब पाहिला, पायांची तपासणी केली, फ्लूची लस दिली आणि नेहमीच्या सवयीने सांगितले, “इन्सुलिन थंड जागी ठेवा.” माझे हे चार शब्द पुढे किती महाग पडले, ते या लेखात ओघाने येईलच.

शॅले म्हणजे काय?

शॅले हे मूळचे आल्प्समधील गुराख्यांचे लाकडी घर. जुन्या घरांत खाली गुरे, वर माणसे आणि त्याहून वर गवत अशी रचना असे. गुरांची ऊब माणसांना मिळे. आजचे शॅले म्हणजे उतरत्या छपराचे, लाकडाने मढवलेले विश्रामगृह. ‘केटर्ड शॅले’ ही त्यातील खास सोय ब्रिटिश पर्यटकांनी रूढ केली. घर आठवडाभरासाठी, बहुधा शनिवार ते शनिवार, भाड्याने मिळते. सकाळची न्याहारी, दुपारी बर्फातून परतल्यावर चहा आणि केक, रात्रीचे जेवण हे सारे तेथील कर्मचारी करतात. मुलांचे जेवण संध्याकाळी लवकर, मोठ्यांचे नंतर, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. आठवड्यातून एक दिवस मात्र कर्मचाऱ्यांची सुट्टी असते आणि त्या रात्री आपली सोय आपण पाहायची असते.

लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर हॉटेलपेक्षा ही व्यवस्था मला अधिक सोयीची वाटते. झोपलेल्या नातवाच्या शेजारच्याच खोलीत आजी बसू शकतात, ओले कपडे वाळत घालता येतात, आणि दमलेल्या मुलाला जेवणासाठी पुन्हा कोट-बूट चढवून बाहेर न्यावे लागत नाही. परंतु हे घर आपले नसते, स्वयंपाकघर तर नसतेच नसते. आरोग्याच्या दृष्टीने बरेचसे प्रश्न येथूनच सुरू होतात.

गाव निवडताना उंची पाहा

आल्प्स म्हटले की पुष्कळांच्या मनात विरळ हवेची भीती येते. ती सरसकट खरी नाही. ले जे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,172 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही काहीसे खाली. शेजारचे मोर्झिन त्याहून कमी उंचीवर आहे. उलट व्हाल तोराँस हे गाव 2,300 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून कितीतरी वर वसलेले आहे. उंचीचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, झोपमोड, हा साधारणपणे 2,500 मीटरच्या पुढे झोपायला गेल्यावर संभवतो. काही संवेदनशील व्यक्तींना तो थोडा अलीकडेही जाणवतो. म्हणून तान्ही मुले, हृदयविकाराचे किंवा दम्याचे रुग्ण बरोबर असतील तर मुक्काम 1,500 मीटरच्या आत ठेवावा, हे माझे सांगणे असते. स्की करणारे दिवसा वर जाऊन संध्याकाळी खाली येतात. महत्त्व झोपण्याच्या उंचीला अधिक.

एक सावधगिरी मात्र हवी. शामोनी हे गाव सुमारे 1,035 मीटरवर आहे आणि तेथून रोपवेने एग्वी द्यू मिदी या 3,842 मीटरच्या शिखरावर अवघ्या वीसेक मिनिटांत पोहोचता येते. दृश्य अपूर्व असते, यात शंका नाही. पण अलीकडेच अँजिओप्लास्टी झालेल्या आजोबांना किंवा कडेवरच्या बाळाला इतक्या झटपट इतक्या उंचीवर नेऊ नये. बाळाला कान दुखतात हे सांगता येत नाही, ते फक्त रडते. विमान उतरताना आणि घाटातून प्रवास करताना बाळाला पाजत राहावे, मोठ्या मुलाला काही चघळायला द्यावे.

घर निवडताना विचारायचे प्रश्न

छायाचित्रातील शेकोटी पाहून घर निवडू नये. पुष्कळ शॅलेत बैठकीची खोली वरच्या मजल्यावर आणि निजायच्या खोल्या खाली असतात. लाकडी जिना उभा असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना दिवसातून दहा वेळा तो चढावा लागेल का, हे आधीच विचारावे. लाकूड जाळण्याच्या लोखंडी शेगडीभोवती मुलांसाठी कठडा आहे का? गॅलरीच्या गजांमधून लहान मूल निसटणार नाही ना? धुराची सूचना देणारे यंत्र आहे का, आणि कार्बन मोनॉक्साइडचे? दुमजली पलंग असेल तर वरच्या पलंगावर सहा वर्षांखालील मुलाला निजवू नये. अंगणातील गरम पाण्याच्या टबावर कुलूपबंद झाकण हवे. त्या पाण्याचे तापमान 40 अंशांच्या आसपास असते. ते गर्भवतींना आणि लहान मुलांना योग्य नाही, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनीही त्यापासून दूर राहावे.

घर दुसऱ्या कुटुंबांबरोबर वाटून घेतलेले असेल, तर उलट्या-जुलाबांचा एक विषाणू, नोरोव्हायरस, एका मुलाकडून साऱ्या घरात पसरू शकतो. हाताला लावायचे अल्कोहोलयुक्त जेल त्याच्यावर फारसे परिणामकारक नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय.

ताटात काय आहे?

आपल्या शाकाहारी कुटुंबांसाठी हा विषय नाजूक आहे. आल्प्समधील जेवण चीजभोवती फिरते: फॉन्ड्यू, राक्लेत, बटाट्याचे तार्तिफ्लेत. तार्तिफ्लेतमध्ये बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. फॉन्ड्यूमध्ये पांढरी वाइन आणि अनेकदा चेरीचे मद्य घालतात, आणि शिजवल्याने सगळे मद्य उडून जाते हा समज चुकीचा आहे. ग्रुयेर, बोफोर, रब्लोशाँ ही पारंपरिक चीजे वासराच्या जठरातील रेनेट वापरून दूध विरजवून बनवतात. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांना हे आधी ठाऊक असावे. वैद्यकीय दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रब्लोशाँसारखी काही चीजे कच्च्या, न तापवलेल्या दुधाची असतात. गर्भवती स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी ती खाऊ नयेत.

युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून अन्न पुरवणाऱ्यांना चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांचा समावेश होतो. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि पोहोचल्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समक्ष भेटून पुन्हा सांगावे. संकोच करू नये. संकोचाने काय होते, ते आता सांगते.

रात्री एक वाजता आलेला फोन

शॅलेतील चौथा दिवस. आपल्याकडे रात्रीचा एक वाजला होता, तिकडे संध्याकाळचे साडेआठ. सूनबाई फोनवर होत्या. “मॅडम, आईंची साखर 428 आली आहे. दोन दिवसांपासून वाढतेच आहे. सारखी तहान लागते आहे, दुपारी उलटी झाली. केक एक तुकडासुद्धा खाल्लेला नाही हो त्यांनी. इन्सुलिन वेळच्या वेळी घेत आहेत.”

पथ्य पाळले जाते आहे, इन्सुलिन घेतले जाते आहे, तरी साखर चढते आहे. अशा वेळी संशय औषधावरच घ्यावा लागतो. मी विचारले, “इन्सुलिन ठेवले आहे कुठे?”

फोन आजींनी घेतला. आवाज थकलेला होता. “बाहेर गॅलरीत ठेवले आहे, डॉक्टरताई, बर्फात डबा पुरून. फ्रिज त्या स्वयंपाकवाल्या मुलीच्या ताब्यात. तिला कशाला त्रास? आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, थंड जागी ठेवा.”

मी क्षणभर निःशब्द झाले. आमच्या उन्हाळ्यात, वीज जाणाऱ्या घरांत, माठाशेजारी इन्सुलिन ठेवणाऱ्या रुग्णांना वर्षानुवर्षे जे सांगत आले, तेच मी उणे आठ अंशांच्या रात्रीत निघालेल्या बाईंना सांगितले होते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोठले की त्याची रचना बिघडते, आणि वितळल्यावर ते दिसायला कधीकधी पूर्वीसारखेच दिसते. आजी सकाळी बाटली आत आणत, हातात धरून कोमट करत आणि निष्ठेने टोचून घेत. पण त्यातील गुण बराचसा गेलेला होता. दोन्ही बाटल्या त्याच डब्यात होत्या. खरे तर वापरात असलेली बाटली नेहमीच्या उबदार खोलीत, उन्हापासून आणि हीटरपासून दूर, सुमारे चार आठवडे चांगली राहते. ती त्यांच्या उशाशी, टेबलावर ठेवली असती तरी भागले असते.

मी त्यांना त्याच रात्री डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. 428 साखर आणि त्यात उलटी, याला सकाळपर्यंत थांबणे योग्य नव्हते. आणि एक गोष्ट सूनबाईंकडून दोनदा वदवून घेतली: “तिथे मिळेल ते इन्सुलिन आईंच्या जुन्या सिरिंजने द्यायचे नाही.” कारण भारतात बाटलीतील इन्सुलिन बहुधा 40 युनिट प्रति मिलिलिटर शक्तीचे असते आणि सिरिंजवरील खुणाही त्याच हिशेबाच्या. युरोपात 100 युनिटचे इन्सुलिन प्रचलित आहे. आपल्या सिरिंजने ते ‘वीस युनिट’ भरले, तर प्रत्यक्षात पन्नास युनिट शरीरात जातात. साखर वाढल्याने आलेले संकट मग साखर उतरल्याने जीवघेणे होऊ शकते.

आजींना शिरेतून सलाइन दिले गेले, नवे इन्सुलिन पेनच्या स्वरूपात मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या सावरल्या. परत आल्यावर त्या मला भेटायला आल्या, तेव्हा मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “अहो, मीही त्या मुलीला विचारायला हवे होते. नंतर तिनेच फ्रिजमध्ये एक कप्पा रिकामा करून दिला. चांगली होती हो पोर.” तेव्हापासून माझ्या तोंडचे वाक्य बदलले आहे: इन्सुलिन थंड ठेवा, पण गोठू देऊ नका, आणि कुठे ठेवणार आहात, ते मला आधी सांगा.

औषधांची पिशवी

त्या रात्रीपासून बर्फात जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी पुढील गोष्टी लिहून देते. इन्सुलिन विमानात सामानाच्या पेटीत न टाकता हातातील पिशवीत ठेवावे. साठा दोन भागांत, दोन व्यक्तींकडे असावा. बाहेर फिरताना ते कोटाच्या आतल्या खिशात, अंगालगत असावे. ग्लुकोमीटरही अंगाच्या उबेत ठेवावा. कडाक्याच्या थंडीत तो चुकीचा आकडा दाखवतो किंवा बंद पडतो. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्या आकड्याला 18 ने गुणले की आपला आकडा मिळतो. बर्फात चालण्याचे श्रम फार असतात, त्यामुळे साखर अचानक उतरूही शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच. दम्याच्या रुग्णांनी इनहेलरही आतल्या खिशात ठेवावा, कारण थंड झालेल्या पंपातून औषधाची मात्रा नीट येत नाही. थंड कोरडी हवा स्वतःच दमा चाळवते. नाक-तोंड झाकून घेणारी कापडी नळी गळ्यात घालावी. मफलर, शाल किंवा ओढणी नको. लोंबते टोक लिफ्टमध्ये अडकून गळफास बसण्याचा धोका असतो.

औषधांची मूळ नावे, मात्रा आणि आजारांची नोंद असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र बरोबर असावे. ब्रँडची नावे परदेशात उपयोगाची नसतात.

ऊन, थंडी आणि हाडे

“ऊन कुठे आहे, मग क्रीम कशाला?” हा आपल्याकडचा प्रश्न. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत किरणे परतवतो. म्हणजे ऊन वरूनही येते आणि खालूनही. हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, कानांवर क्रीम लावावे. चष्म्याविना दिवसभर बर्फात राहिलेल्या मुलाचे डोळे काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू गेल्यासारखे खुपू लागतात, लाल होतात, पाणी गळते. हा डोळ्यांच्या बुबुळावरील पडद्याचा दाह असतो. पाठुंगळीच्या पिशवीतील बाळ हालचाल करत नसल्याने आपल्यापेक्षा लवकर गारठते. त्याच्या पायांची बोटे वरचेवर तपासावीत. आतून सुती बनियन घालू नये. घामाने ते ओले राहते आणि अंग गार पडते. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे अंतर्वस्त्र, मध्ये उबदार थर, बाहेर जलरोधक थर अशी तीन आवरणे हवीत.

स्की शिकायला फ्रान्समध्ये मुलांना साधारण तिसऱ्या वर्षापासून घेतात. मुलांना शिक्षकांकडे द्यावे, बापाने स्वतः शिकवण्याचा हट्ट धरू नये. शिरस्त्राण प्रत्येकाला हवे. इटलीने 2022 पासून अठरा वर्षांखालील सर्वांना ते सक्तीचे केले. भाड्याची स्की घेताना वजन विचारतात, तेव्हा खरे वजन सांगावे. पडताना बूट स्कीपासून सुटावा, याचा हिशेब त्या आकड्यावर बसवलेला असतो. आकडा चुकला तर बूट सुटत नाही आणि गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो. आणि प्रौढांनो, निघण्याआधी सहा आठवडे रोज जिने चढा, खुर्चीतून हात न टेकता उठबस करा. बैठ्या कामाच्या मांड्या पहिल्या तीन दिवसांत थकतात, आणि दमलेल्या पायांनी केलेली ‘शेवटची एक फेरी’ पुष्कळदा प्लास्टरपर्यंत नेते.

विम्याचा कागद वाचा

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण तो असला म्हणजे स्कीच्या अपघाताची भरपाई मिळेलच असे नाही. हिवाळी खेळ, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च आणि हेलिकॉप्टर यांचा स्पष्ट उल्लेख विम्यात असावा. जुने आजार लपवू नयेत. लपवलेला मधुमेह नेमका दावा फेटाळण्याच्या कामी येतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचे आरोग्यपत्र युरोपातील सरकारी उपचारांना चालते, पण डोंगरावरील बचावाचा खर्च त्यात येत नाही, आणि भारतातून पाहुण्या म्हणून आलेल्या आईला तर ते पत्र लागूच होत नाही. युरोपभर आपत्कालीन क्रमांक 112 आहे. तो आणि शॅलेचा पूर्ण पत्ता पोहोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी कागदावर लिहून दाराशी चिकटवावा. घाईच्या वेळी परक्या गावाचे नाव आठवत नाही.

वाचकहो, एवढे सगळे वाचून “नकोच ते आल्प्स” असे मनात येऊ देऊ नका. आजी या वर्षीही जाणार आहेत. गेल्या आठवड्यात त्या तपासणीला आल्या होत्या. पर्समधून त्यांनी एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात शॅलेतील मुलीला सांगायच्या गोष्टी ओळीने लिहिल्या होत्या, आणि पहिलीच ओळ होती: “फ्रिजमध्ये थोडी जागा हवी आहे. दारातली चालेल, बर्फाच्या कप्प्याशेजारची नको.” ते वाचून मी त्या कागदावर माझीही सही केली.